चार मॅचेस हरले म्हणून सरांना काढायचं का?

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि यंदा जिमखाना कमिटीवर माझं नाव टाकलंय. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या टीमचे कोच गावातलेच आहेत, सकाळी स्वतःचं दुकान बघतात, संध्याकाळी मुलांना घेतात, कॉलेज मानधन देतं. गेली चार वर्षं टीम झोनल स्पर्धेच्या पहिल्याच मॅचला बाहेर पडतेय. ०-४, १-५, ०-३ आणि यंदा ०-२. नॉकआउट असतं त्यामुळे हरलं की बॅगा उचलून घरी. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच विषय, कोच बदला. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी गोव्यातल्या एका तरुण मुलाचं नाव आणलंय, कोचिंगचं डी लायसन्स झालेला आहे. उलट बाजूचे म्हणतात मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनला पण सुरुवातीला वेळ लागला होता. मुलं बहुतेक सरांच्या बाजूने आहेत, सगळी नाहीत. गेल्या वर्षी आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पाय सुजलेला असताना खेळला आणि नंतर दोन महिने लंगडत होता, त्यावर एका पालकांनी तक्रार केली होती, ती नंतर मिटली. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे आणि मला मत द्यायचंय. काय म्हणू?
– एक प्राध्यापक, सिंधुदुर्ग

उत्तर : सर, माझं मत विचाराल तर ठेवा. एक सीझन तरी ठेवा. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, त्याचा छडा लागल्याशिवाय हे मत पक्कं धरू नका. त्या वाक्याकडे शेवटी येते.

आधी त्या चार स्कोअरकडे बघू. चार वर्षांत चार मॅचेस, म्हणजे तुमच्या सरांना चार वर्षांत जेमतेम सहा तास मॅचचं फुटबॉल खेळवायला मिळालंय आणि तेवढ्यावरून आपण माणसाचा निकाल लावायला बसलोय. पहिल्याच राउंडला समोर कोण येणार हे ड्रॉमध्ये, म्हणजे चिठ्ठ्या काढून ठरतं, एखाद्या वर्षी झोनची सगळ्यात तगडी टीम येते आणि मग तुमची पोरं कितीही शिकलेली असली तरी चार खाऊनच परत येतात. नॉकआउटमध्ये हे असंच असतं.

फर्ग्युसनचं उदाहरण सगळेच देतात, तेही खरंच आहे, नोव्हेंबर १९८६ मध्ये आला आणि पहिलं लीग टायटल १९९३ मध्ये. पण ते प्रोफेशनल क्लबचं झालं, पैसा वेगळा, माणसं वेगळी. तुम्हाला कॉलेजचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं देते. तिथला फुटबॉल म्हणजे तो हातात धरून पळायचा, आपला नाही, पण कॉलेजच्या कोचची नोकरी राहणार की जाणार यावर अख्खं गाव बोलतं ते आपल्यासारखंच, आपल्यापेक्षा जास्तच. व्हर्जिनिया टेक नावाच्या युनिव्हर्सिटीत १९८७ मध्ये फ्रँक बीमर कोच म्हणून आला. पहिल्या सहा वर्षांत २४ जिंकल्या, ४० हरल्या, २ बरोबरीत, आणि सहाव्या वर्षी म्हणजे १९९२ ला तर फक्त २ जिंकल्या आणि ८ हरल्या. लोकांनी काढा काढा केलं. पण त्याच्या आधीच्या काळातल्या गडबडीमुळे युनिव्हर्सिटीवर कारवाई झाली होती, स्कॉलरशिप कमी झाल्या होत्या, म्हणजे याच्या हातात मुलंच कमी दिली होती, हे वरच्यांना माहीत होतं. त्यांनी बीमरला ठेवला पण तसाच नाही ठेवला, हाताखालचे कोच बदलायला लावले. पुढच्याच वर्षी टीमने ९ जिंकल्या आणि तिथून २०१५ मध्ये तो रिटायर होईपर्यंत सलग २३ वर्षं टीम सीझननंतरच्या मोठ्या मॅचला, ज्याला ते ‘बोल’ (bowl) म्हणतात, तिथे पोचली. सहा वर्षांत ६६ मॅचेस बघून त्यांनी ठरवलं, सर. आपण चार बघून ठरवतोय.

याच अमेरिकेत उलटंही होतं. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशरला सीझनच्या मधेच काढलं आणि करार शिल्लक होता म्हणून साडेसात कोटी डॉलरच्या वर रक्कम देणं लागली. मला ते वेडेपणाचं वाटतं, पण निदान तिथे कोच काढायला किंमत मोजावी लागते म्हणून कोणीतरी बसून हिशेब तरी करतं. आपल्याकडे मानधनावरचा माणूस काढायला काहीच लागत नाही, एक फोन पुरतो, म्हणून विचारही होत नाही. आणि बदलून फायदा होतोच असंही नाही बरं का. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या तिघा अभ्यासकांनी अमेरिकन कॉलेजांच्या टीम्स तपासल्या, कोच बदललेल्या आणि न बदललेल्या सारख्याच टीम्सची तुलना केली, तर अगदी तळाच्या टीम्सना बदलून फारसा फरक पडला नाही आणि मधल्या टीम्सचं तर उलट नुकसानच दिसलं.

आता आपल्या मातीकडे या. झोनल साधारण पावसाच्या शेपटाला येते ना? म्हणजे तयारीचे महिने कुठले तर जून, जुलै, ऑगस्ट. तुम्ही कॉमर्सचे, तुम्हाला वर्गाच्या खिडकीतून ग्राउंड दिसत असेल, जुलैत तिथे उभं राहून बघा एकदा. जांभ्याचा लाल चिखल, पास मारला की बॉल सहा फुटांवर जाऊन रुततो, पोरगा पळत येतो आणि बॉल नाही म्हणून पुढे घसरत जातो. यावर पासिंग शिकवायचं कसं? मग पोरं उचलून लांब मारायला शिकतात कारण हवेतूनच बॉल पुढे जातो, आणि मग झोनलला बऱ्या ग्राउंडवर गेलं की समोरचे जमिनीवरून पाच पास करून यांच्या मधून निघून जातात. पाऊस संपला की तेच ग्राउंड असं वाळतं की पडलं की गुडघा सोलतो. त्यात लावणीच्या दिवसांत निम्मी मुलं शेतावर, गणपतीत अख्खं कॉलेज बंद, शेवटची एसटी गाठायची म्हणून साडेपाचला पोरं स्टडचे बूट काढायला लागतात. फर्स्ट इयरला आलेलं पोर थर्ड इयरला जरा समजायला लागतं आणि निघून जातं, मुंबईला नाहीतर गोव्यात नोकरीला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हे सगळं कोचच्या हातात नाही, कॉलेजच्या हातात यातलं थोडं आहे. शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस घेऊन पाच-पाच जणांचं खेळवता आलं असतं. कमिटीत कोणी कधी विचारलं का सरांना, की तुम्हाला काय पाहिजे?

हरण्याबद्दल अजून एक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरला, आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. आजचा व्हॉट्सॲप ग्रुप असता तर रात्रीतच गेले असते. ते राहिले. १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांचीच टीम चौथी आली आणि १९६२ ला जकार्तात फायनलला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. तेव्हा त्यांना कॅन्सर झालेला होता, पुढच्या वर्षी गेले. मला हे लिहिताना पण भरून येतं. पण हे मी का सांगतेय, तर १०-१ नंतर भारतीय फुटबॉल फेडरेशनने बूट सक्तीचे केले. हार बघून जे कमी होतं ते भरलं. तुमच्या कॉलेजने ०-४ नंतर काय भरलं?

लायसन्सबद्दल. डी लायसन्स ही फेडरेशनच्या कोचिंग कोर्सची सुरुवातीची पायरी आहे, चांगली गोष्ट आहे, असायलाच हवं, पण ते मिळालं म्हणजे मुलं घडवता येतात असं नाही. रमाकांत आचरेकर सरांचा जन्म आपल्या मालवणचा, स्वतः फर्स्ट क्लास मॅच खेळले ती एकच, आणि शिवाजी पार्कवर त्यांनी काय उभं केलं ते मी सांगायला नको. माझी सूचना अशी आहे की लायसन्सचा कोर्स तुमच्याच सरांना करायला लावा, फी आणि जाण्यायेण्याचा खर्च कॉलेजने द्यावा. चार वर्षं गावात राबलेल्या माणसाला शिकवायचा खर्च नवा माणूस आणण्यापेक्षा कमीच येईल.

तरी पण सर, तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका. मीटिंगच्या आधी तीन संध्याकाळी न सांगता ग्राउंडवर जा आणि गोलच्या मागे बसा. फुटबॉल कळायची गरज नाही, फक्त एक पोर निवडा, मधल्या वकुबाचं, आणि अर्ध्या तासात त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागतो ते मोजा. अठरा पोरं एका लाइनीत उभी आणि एकेक जण येऊन गोलवर शॉट मारतोय असं दिसलं तर त्या पोराला अर्ध्या तासात सात-आठ वेळा बॉल मिळेल, बाकी वेळ तो मित्राच्या पाठीत बोट खुपसत उभा. मग सरांना विचारा बॉल किती आहेत. दोनच असतील तर दोष कॉलेजचा. दहा बॉल जाळीत पडून आहेत आणि तरी लाइन लावलीय, तर सरांना शिकायची गरज आहे. हजेरीचं रजिस्टर पण बघा. फर्स्ट इयरला आलेल्यातली किती मुलं थर्ड इयरपर्यंत टिकली. हरणाऱ्या टीममध्ये सुद्धा मुलं टिकतायत, पावसात येतायत, तर त्या माणसाकडे काहीतरी आहे, ते लायसन्समध्ये मिळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. मी स्वतः बरीच वर्षं कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते आणि मी एका कोचना काढलेलं आहे, मीच पुढाकार घेतला होता. ते पण हरत होते, आवाज चढायचा, कागदपत्रं कधी वेळेवर नाहीत. त्यांच्या जागी तरुण मुलगा आणला, पहिल्या वर्षी दोन मॅचेस जिंकलो, मला वाटलं बघा मी बरोबर होते. दुसऱ्या वर्षी त्याला पुण्याला नोकरी लागली, तो गेला, आणि तिसऱ्या वर्षी आमची एंट्रीच गेली नाही, अकरा मुलं जमेनात. तेव्हा कळलं की आधीचे सर संध्याकाळी मुलांच्या घरी फोन लावायचे, कोणाची एसटी किती वाजता आहे हे त्यांना पाठ होतं, एका पोराच्या वडिलांना त्यांनी स्वतः जाऊन समजावलं होतं की पोराला खेळू द्या. हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं आणि मी कधी विचारलंच नाही. नंतर आंगणेवाडीच्या जत्रेत भेटले, माझ्याशी नीट बोलले, पहिला प्रश्न टीमचाच. मला उत्तर देता आलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ते वाक्य. पाय सुजलेला असताना स्टॉपर खेळला, तक्रार आली आणि मिटली. मिटली म्हणजे काय झालं सर? कोणी मिटवली? हरणं मी कितीही वर्षं माफ करेन, हे नाही करणार. घोटा मुरगळला की साधी तपासणी असते, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून बघायचं आणि पोराला चार पावलं चालायला सांगायचं. हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे, आणि मॅच बंद, मग फायनल का असेना. आणि या दोन्हीत पास झाला तरी सुजलेल्या पायावर मॅच खेळवायची नसते. आपली पोरं कधीच सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, “काय नाय सर, खेळतंय मी.” ओठ चावत म्हणतात. बदली खेळाडू बेंचवर नसतो, सर पण बघून न बघितल्यासारखं करतात, आणि एकोणीस वर्षांच्या पोराचा पाय आयुष्यभरासाठी कच्चा राहतो.

तर मीटिंगच्या आधी त्या मुलाला एकट्याला भेटा, सरांसमोर नाही, ऑफिसात पण नाही, कॅन्टीनला चहा घेत विचारा. तो जर म्हणाला की मीच लपवलं, सरांना सूज दिसू नये म्हणून दोन मोजे घातले होते, तर सरांना ठेवा आणि पुढच्यासाठी लेखी नियम करा की दुखापतीचा निर्णय कोच घेणार नाही, फिजिकल डायरेक्टर किंवा डॉक्टर घेतील. आणि तो जर म्हणाला की सरांनी बघितलं होतं आणि तरी जा म्हणाले, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग रहीम नाही, बीमर नाही, एक दिवस पण ठेवू नका, टीम जिंकत असती तरी ठेवू नका. हे मी ठामपणे सांगते.

ठेवायचं ठरलं तर तोंडी ठेवू नका. काय देणार ते कॉलेजने लिहून द्यावं, बॉल, पावसाळ्यातला हॉल, कोर्सची फी, वर्षातून निदान आठ-दहा फ्रेंडली मॅचेस. सावंतवाडी-बांद्याच्या पलीकडे गोव्यात टीम्सना तोटा नाही, एका टेम्पोच्या भाड्यात मॅच होते. काय करणार ते सरांनी लिहून द्यावं. आणि पुढच्या वर्षी झोनल हरले तरी त्या कागदावरूनच बोला. ग्रुपवरच्या माजी विद्यार्थ्यांना पण सांगा की फ्रेंडलीच्या दिवशी बस भरून या, आमची पोरं स्टड दोघांत एक वापरतात, चार जोड घेऊन या.

प्रश्न : मॅडम, मी स्वतः कोच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, कॉलेजचं नाव लिहीत नाही. तीन वर्षं सलग हरतोय. यंदा मॅचनंतर एका ट्रस्टींनी मुलांसमोरच विचारलं, अजून किती वर्षं असंच? मुलं खाली बघत होती. मानधन महिन्याला साडेतीन हजार, ते पण वर्ष संपल्यावर एकदम मिळतं, कधी त्यातही उशीर. बायको म्हणते त्या वेळात दुसरं काही करा. मला खेळ सोडवत नाही. पण माझ्यामुळे मुलांचं नुकसान होतंय का, असं रात्री वाटत राहतं. स्वतःहून राजीनामा द्यावा का?
– एक कोच

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे हरलेल्या महिन्यात राजीनामा लिहू नका. दिवाळी होऊ द्या, महिनाभर जाऊ द्या. मुलांसमोर तुमचा अपमान झाला ते चुकीचंच झालं, ते ट्रस्टींना सांगायचं काम प्रिन्सिपलचं आहे, त्यांना भेटून तेवढं शांतपणे सांगा, मनात ठेवून दिलंत तर ते पुढच्या सीझनला पोरांवर निघेल.

तुमच्यामुळे मुलांचं नुकसान होतंय का, हे मला इथे बसून कळणार नाही पण तुम्हाला कळू शकतं. गेल्या तीन वर्षांत पास आउट झालेल्या पाच मुलांना फोन लावा, जिंकलेल्या-हरलेल्याचं विचारू नका, एवढंच विचारा की माझ्याकडे काय शिकलास आणि काय शिकायला हवं होतं. दुसऱ्या प्रश्नाला ते आधी गप्प बसतील. थांबा, बोलतील. पाचातले तिघे जर एकच गोष्ट बोलले, म्हणजे उदाहरणार्थ सर तुम्ही सारखे ओरडायचात, किंवा फक्त धावायलाच लावायचात, तर पुढच्या जूनपासून काय बदलायचं ते तुम्हाला मिळालं, त्यासाठी राजीनामा लागत नाही.

पैशाचं मात्र वहिनींचं बरोबर आहे आणि ते मी हलक्यात घेणार नाही. घर चालत नसेल आणि त्यासाठी सोडलंत तर त्यात कमीपणा काही नाही, तीन वर्षं पावसात उभे राहिलात ते कोणी काढून घेत नाही. पण आधी कॉलेजला लेखी अर्ज द्या, मानधन दर तीन महिन्यांनी द्या आणि थकलेलं आधी चुकतं करा म्हणून, अर्जाची एक कॉपी सही-शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. उत्तराची मार्चपर्यंत वाट बघा. नाहीच म्हणाले तर मग सोडा, आणि सोडताना मुलांना ते नोटीस बोर्डावरून कळू देऊ नका, ग्राउंडवर बोलवून तुम्हीच सांगा.

जाणार असाल तर अजून एक काम करून जा. एका वहीत सगळ्या मुलांची नावं लिहा, गाव, घरचा फोन, कोणाची एसटी किती वाजता सुटते, कोणाचा कुठला पाय दुखरा आहे, कोणाच्या घरी खेळाला विरोध आहे आणि कोणाशी बोललं की ते ऐकतात. ती वही आणि बॉलच्या खोलीची चावी पुढच्या माणसाच्या हातात स्वतः द्या.